जागा कमी पडली की आधी काय काढायचं?

परदेशी निघालेल्या प्रत्येकाने हे केलेलं असतं. दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. बॅग काट्यावर ठेवली की काटा २५ दाखवतो आणि बॅग पुन्हा उघडावी लागते. कागदपत्रं बाहेर निघत नाहीत, कुकर निघत नाही, आईने दिलेलं मेतकूटही निघत नाही. निघतात ती पुस्तकं. "पुढच्या खेपेला नेऊ," असं म्हणून आपण ती कपाटात परत ठेवतो.

२००९ साली हाच प्रसंग मी संगणकाच्या पडद्यावर पाहिला. आमच्या रविवारच्या मराठी शाळेला एका पालकांनी सहा जुने लॅपटॉप आणून दिले. दहा वर्षांचे, प्रत्येकात ६४ एमबी मेमरी. सीडी ड्राइव्ह बहुतेकांचे बिघडलेले. त्यावर लिनक्स चढवावं, आणि तेही मराठीत, अशी कल्पना निघाली. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला डेबियन लिनक्सची ५.० ही आवृत्ती आली होती. तिचा इन्स्टॉलर, म्हणजे संगणकावर लिनक्स चढवून देणारा प्रोग्रॅम, पहिल्यांदाच मराठी बोलू लागला होता. सीडी चालत नसल्यामुळे नेटवर्कवरून चढवायचं ठरलं. केबल जोडली, लॅपटॉप सुरू केला, आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की मेमरी कमी असल्यामुळे काटकसरीची पद्धत वापरली जाईल. पुढे भाषांची यादी आलीच नाही. सगळं इंग्रजीत सुरू झालं.

मेमरी कमी पडली तर काहीतरी काढावं लागणार हे कळतं. पण नेमकी भाषाच आधी का काढली? याचं उत्तर शोधत मागे गेलो तर चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास हाती लागला. तो तुम्हाला सांगावासा वाटतो. संगणकाशी तुमचा संबंध ईमेलपुरता असला तरी हरकत नाही.

ओटा आणि फडताळ

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. संगणकाची डिस्क म्हणजे स्वयंपाकघरातलं फडताळ. मेमरी, म्हणजे रॅम, हा ओटा. सामान फडताळात कितीही असो, काम करताना लागेल ते ओट्यावर घ्यावं लागतं. ओटा लहान असेल तर एक डबा परत ठेवून दुसरा काढायचा.

आता नव्या घरात पहिल्या दिवशी स्वयंपाक करायचा आहे अशी कल्पना करा. फडताळं अजून लावलेली नाहीत. जे काही आणाल ते ओट्यावरच ठेवायचं, आणि त्याच ओट्यावर उभं राहून फडताळं ठोकायची. नेटवर्कवरून लिनक्स चढवणं हे असं काम आहे. डिस्क रिकामी, सीडी नाही, जे येईल ते केबलमधून येणार आणि सरळ मेमरीत बसणार.

५१२ बाइटचा घास

ही सोय लिनक्सच्याही आधीची. ज्या संगणकांना स्वतःची डिस्कच नसायची, ते सुरू होताना शेजारच्या मोठ्या संगणकाकडून आपली प्रणाली मागवून घेत. त्यासाठी फाइल आणण्याचा एक अगदी साधा नियम, टीएफटीपी, १९८१ साली केरन सोलिन्स यांनी लिहून प्रसिद्ध केला. त्यातल्या पहिल्या 'टी'चा अर्थच 'क्षुल्लक' असा आहे. तो साधा असणं गरजेचं होतं, कारण तो पाळणारा प्रोग्रॅम एका छोट्याशा चिपमध्ये मावायला हवा होता. फाइल ५१२ बाइटच्या घासांनी यायची. एक घास पोचल्याची पावती गेल्याशिवाय दुसरा येत नसे.

घासांना क्रमांक द्यायला १६ बिट ठेवले होते. म्हणजे क्रमांक संपेपर्यंत साधारण ६५ हजार घास, एकूण ३२ एमबी. १९८१ मध्ये ३२ एमबीची फाइल या मार्गाने कुणी मागवेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसावं. पुढे इन्स्टॉलर फुगले तेव्हा ही मर्यादा अनेकांना आडवी आली. घासाचा आकार वाढवण्याची रीतसर सोय नव्वदच्या दशकात झाली.

दरम्यान १९८५ मध्ये बूटपी नावाचा नियम आला. नुकताच जागा झालेला संगणक "माझा पत्ता काय आणि माझी फाइल कुठे आहे?" असं नेटवर्कवर विचारू लागला. त्यातूनच आज आपल्या घरच्या वायफायमध्ये चालतं ते डीएचसीपी निघालं. हे सगळं नेटवर्क कार्डमध्ये एकत्र बसवायचा पीएक्सई नावाचा नियम इंटेलने पक्का केला, त्याची २.१ ही आवृत्ती १९९९ची. आमचे लॅपटॉप याच पीएक्सईने सुरू होत होते.

पण पीएक्सई जागं होतं तेव्हा संगणक अजून १९८१ सालात असतो. त्या वर्षीच्या आयबीएम पीसीला एकूण १ एमबी मेमरीच पाहता येत होती, आणि त्यातली ६४० केबी प्रोग्रॅमच्या वाट्याला होती. नंतर मशीनमध्ये कितीही मेमरी आली तरी सुरू होतानाची पहिली पावलं याच खोलीत पडत. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यामुळेच सुरुवातीला दाबून बांधलेल्या रूपात ५१२ केबीच्या आत ठेवावा लागे. १९९६ मध्ये कर्नलला १ एमबीच्या वर उतरवायची सोय झाली आणि ही कोंडी फुटली.

दोन एमबीवाला जर्मन

आता थोडं मागे जाऊ. जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने नवा ३८६ संगणक घेतला. त्यात ४ एमबी मेमरी होती. त्या वर्षी २५ ऑगस्टला त्याने आपण एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं. डिसेंबरपर्यंत काही हौशी लोक ती वापरू लागले होते. त्यात जर्मनीतला एक जण होता, ज्याच्या मशीनमध्ये फक्त २ एमबी होते. त्याला कर्नल स्वतः बांधायचा होता, पण त्यासाठी लागणारा कंपायलरच १ एमबीहून जास्त मेमरी खायचा. एखादा लहान कंपायलर चालेल का, असं त्याने विचारलं.

लिनसकडे ४ एमबी होते. त्याला स्वतःला काही अडचण नव्हती. "मेमरी वाढव" असं सांगून तो मोकळा होऊ शकला असता. त्याऐवजी नाताळच्या सुटीत बसून त्याने मेमरीतला न लागणारा भाग डिस्कवर ठेवायची आणि लागेल तेव्हा परत आणायची सोय लिहिली. जानेवारी १९९२च्या ०.१२ आवृत्तीत ती आली. यालाच आपण आज स्वॅप म्हणतो. लिनसने ज्यापासून स्फूर्ती घेतली त्या मिनिक्समध्ये ही सोय नव्हती, आणि लिनक्सकडे लोक वळण्याचं ते एक मोठं कारण ठरलं.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला. ज्याच्याकडे कमी आहे त्याच्यासाठी, स्वतःला गरज नसताना, कुणीतरी आठवडाभर बसलं. लिनक्सच्या पायातच हा दगड आहे.

फ्लॉपीपासून केबलपर्यंत

नव्वदच्या दशकात लिनक्स चढवायचं म्हणजे फ्लॉपींची चळत लागायची. एका फ्लॉपीत १.४४ एमबी. नेटवर्कवरून चढवायचं तरी पहिली फ्लॉपी चुकत नसे. रेड हॅटच्या त्या काळच्या आवृत्त्यांबरोबर खास नेटवर्कसाठी वेगळी फ्लॉपी-प्रतिमा मिळायची. तिच्यात कर्नल, नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर आणि बाकीचं सामान मागवण्यापुरता प्रोग्रॅम कोंबलेला असे.

एवढं सगळं एकाच फ्लॉपीत मावायचं ते इनिटआरडी या युक्तीमुळे. ही लिनक्स २.०बरोबर, १९९६ मध्ये, सगळ्यांच्या हाती आली. एक छोटी फाइल-व्यवस्था दाबून, बांधून पाठवायची. कर्नल ती मेमरीत सोडतो आणि तिलाच तात्पुरती डिस्क समजून काम सुरू करतो. युक्ती छान आहे, पण तिची किंमत मेमरीत मोजावी लागते. गाठोडं सोडताना काही क्षण बांधलेलं गाठोडं आणि सुटलेलं सामान, दोन्ही ओट्यावर असतात. म्हणून सुटल्यावर मावणारं सामान सुटताना मावत नाही, असं घडतं आणि मशीन सुरुवातीलाच मान टाकतं.

पुढची गंमत अशी की मेमरीतल्या या तात्पुरत्या डिस्कला कर्नल बहुधा एकूण मेमरीच्या निम्मीच जागा देतो. ती भरली की "डिस्कवर जागा शिल्लक नाही" अशी सूचना येते. समोर रिकामी करकरीत हार्ड डिस्क असते आणि माणूस डोकं खाजवत बसतो. तक्रार तिच्याबद्दल नसतेच.

सीडीवरून चढवताना हे कमी जाणवायचं. सीडी म्हणजे तयार फडताळ, हवं ते उघडून पाहावं. नेटवर्कमध्येही एनएफएस नावाची पद्धत शेजाऱ्याच्या फडताळासारखी आहे, तिथलं तिथे वापरता येतं. पण एचटीटीपी किंवा एफटीपीने आणलेलं सामान पार्सलसारखं असतं. एकदा आलं की अख्खं घरात घ्यावं लागतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८च्या पुस्तिकेत हा फरक आकड्यांतच लिहिला आहे. डीव्हीडी किंवा एनएफएसवरून चढवायला किमान १.५ जीबी मेमरी, आणि तेच एचटीटीपी किंवा एफटीपीवरून चढवायला ३ जीबी. चढवायची वस्तू तीच, रस्ता बदलला की दुप्पट ओटा. उबुंटू सर्व्हरच्या २०.०४ आवृत्तीने तर नेटवर्कवरून येताना अख्खी डीव्हीडी-प्रतिमाच, एक जीबीच्या आसपासची, मेमरीत उतरवायला सुरुवात केली.

तुम्ही म्हणाल, त्या लिनसच्या स्वॅपचं काय झालं? तिथेच तर मेख आहे. स्वॅपला डिस्कवर जागा लागते. डिस्कवर जागा आखायचं काम इन्स्टॉलरचं. आणि इन्स्टॉलरला ते काम करायला आधी मेमरी लागते. डिस्क आखून होईपर्यंतचा जो काळ आहे, त्यात कुणीही मदतीला येत नाही. म्हणून डेबियनची पुस्तिका कमी मेमरीवाल्यांना ६४ ते १२८ एमबीचा स्वॅप ठेवायला सांगते आणि इन्स्टॉलर तो शक्य तितक्या लवकर चालू करतो. पण तिथवर पोचायला तर हवं. त्यासाठी सामान कमी करायचं, आणि इथे आपली भाषा येते.

पहिला उपाय

डेबियनचा इन्स्टॉलर सुरू झाल्या झाल्या मेमरी मोजतो. ती कमी भरली तर काय करायचं याचा क्रम ठरलेला आहे आणि पुस्तिकेत तो उघडपणे लिहिलेला आहे. पहिला उपाय, अनुवाद बंद. काम इंग्रजीतच होईल. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा उपाय, अगदी आवश्यक भागच मेमरीत घ्यायचे.

हा क्रम लावणाऱ्यांना दोष देण्याआधी त्यांची बाजू पाहू. डेबियन ५.०चा इन्स्टॉलर ६३ भाषांत होता. वापरणाऱ्याने भाषा निवडेपर्यंत सगळ्यांचे अनुवाद बरोबर बाळगावे लागतात, आणि त्यातले ६२ निश्चितच फुकट जाणार असतात. एवढी मोठी जागा एका झटक्यात मोकळी होणारी दुसरी वस्तू नाही. शिवाय डिस्क आखणारा भाग काढला तर काम अडतं, भाषा काढली तर काम होतं. अभियंत्याच्या नजरेने हा हिशोब बरोबरच आहे. मीही तिथे असतो तर कदाचित हेच केलं असतं.

पण हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. इंग्रजी कधी मोजलीच जात नाही. ती प्रोग्रॅमच्या आत लिहिलेली असते, म्हणून ती सामान ठरत नाही. बाकीच्या भाषा वरून बांधलेल्या असतात, म्हणून वजन त्यांचं भरतं.

मराठीचं वजन तर आणखी जास्त. युनिकोडच्या युटीएफ-८ पद्धतीत रोमन लिपीतल्या अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'लिनक्स' हा शब्द रोमन लिपीत पाच बाइटचा. आपल्या लिपीत ल, वेलांटी, न, क, हलन्त आणि स अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. त्यातही अडचण फक्त साठवण्याची नाही. साध्या काळ्या पडद्यावर, जिथे इन्स्टॉलर पूर्वापार चालत आले, एका वेळी फार तर ५१२ चिन्हं बसवता येतात. तिथे वेलांटी अक्षराच्या आधी सरकत नाही, क आणि स जोडले जाऊन 'क्स' होत नाही. जोडाक्षरं नीट दिसायला चित्ररूप पडदा हवा, फॉन्ट हवा, अक्षरं जुळवणारी यंत्रणा हवी. डेबियनला असा चित्ररूप इन्स्टॉलर २००७च्या ४.० आवृत्तीत मिळाला. त्यामुळे ५.०मध्ये ६३ पैकी ५० भाषा साध्या पडद्यावर चालत होत्या आणि १३ फक्त चित्ररूप पडद्यावर. त्या तेरांत हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, तमिळ, मल्याळम, नेपाळी होत्या, थाई आणि ख्मेर होत्या, आणि नव्याने आलेली मराठी होती.

चित्ररूप इन्स्टॉलरला साध्यापेक्षा बरीच जास्त मेमरी लागते. नंतरच्या आवृत्त्यांच्या पुस्तिकेत तो आकडा १७० एमबी दिला आहे. मेमरी पुरली नाही तर तो आपोआप साध्या पडद्यावर परततो. आता या दोन गोष्टी एकत्र करून पाहा. फ्रेंच किंवा पोलिश माणसाला मेमरीचा एकच उंबरठा ओलांडायचा होता. मराठी माणसाला दोन. ज्यांच्याकडे जुनी, स्वस्त, कमी मेमरीची यंत्रं जास्त असण्याची शक्यता, त्यांच्याच भाषांना जास्त मेमरी लागत होती. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. पडद्याची रचना, अक्षरांचे बाइट आणि काटकसरीचा क्रम, प्रत्येक ठिकाणचा निर्णय आपापल्या जागी समजूतदार होता. त्यांची बेरीज तेवढी आमच्या पदरात पडली.

सहा की तीन

आमच्या लॅपटॉपांचं पुढे काय झालं ते सांगतो. पहिल्यावर मुकाट्याने इंग्रजीत लिनक्स चढवलं. पुस्तिकेत म्हटल्याप्रमाणे नंतर मराठी बसवता येतंच, तसं बसवलं. मेनू मराठीत दिसले, पण एक खिडकी उघडायला चहा पिऊन होईल इतका वेळ. स्वॅप अखंड खरखरत होता.

प्रत्येक लॅपटॉपमध्ये रॅमची एक पट्टी होती आणि एक जागा रिकामी. सहा पट्ट्या तिघांत वाटल्या तर तीन मशीनमध्ये १२८ एमबी होणार होते आणि बाकीची तीन बाद. यावर पालकांची बैठक झाली. एक काका म्हणाले, "अहो, पोरांना इंग्रजी येतंच की. सहाच्या सहा राहू देत, जास्त मुलांना मिळतील." मुद्दा चुकीचा नव्हता. मुलं वीस आणि मशीन तीन, हे मलाही पटत नव्हतं. आमच्या शाळेच्या मुख्य शिक्षिका, ज्यांना लहानमोठे सगळे ताईच म्हणतात, त्या एवढंच म्हणाल्या, "इंग्रजी येतं म्हणूनच तर शाळा काढली ना आपण?"

तीन ठेवले. पुढच्या रविवारी मुलांसमोरच नेटवर्कवरून पुन्हा चढवायला घेतलं. या वेळी चित्ररूप पडदा आला, भाषांची लांबलचक यादी आली आणि तिच्यात 'मराठी' असं लिहिलेलं होतं. एका मुलीने ते वाचून बोट ठेवलं. मग तासभर मुलं पुढची प्रत्येक सूचना अडखळत मोठ्याने वाचत होती. 'विभाजन' म्हणजे काय, यावर तर वर्गच झाला. वीस मुलांना तीन मशीन पुरली नाहीत, रांगा लागल्या, कुरबुरी झाल्या. काकांचा मुद्दा शेवटपर्यंत खरा राहिला.

ते लॅपटॉप केव्हाच गेले. लिनक्सच्या कर्नलने २०१३ मध्ये ३.८ आवृत्तीत मूळच्या ३८६लाच निरोप दिला, ज्याच्यासाठी तो जन्मला होता. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने तर जुन्या ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणंच थांबवलं. तुमच्या गॅरेजमध्ये असं मशीन असेल तर त्याला आता जुन्याच आवृत्तीवर समाधान मानावं लागेल. आणि थोडं नवं पण कमी मेमरीचं असेल तर नेटवर्कपेक्षा यूएसबीवरून चढवा. बराच ओटा वाचेल.

आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये त्या सहा लॅपटॉपांच्या एकत्रित मेमरीच्या कितीतरी पट मेमरी आहे. भाषांच्या यादीत मराठी आहे, जोडाक्षरं नीट उमटतात, जागेचा प्रश्न उरलेला नाही. हा लेख लिहिताना सहज माझ्या फोनची सेटिंग उघडून पाहिली. भाषा इंग्रजी होती. ती कुठल्याही इन्स्टॉलरने मेमरी मोजून लावलेली नव्हती, इतकी वर्षं मीच तशी ठेवली होती. तुमचीही एकदा पाहा.